वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारीची इग्निशन बदलण्यापूर्वी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी जुन्या मोटारींच्या इग्निशनविषयी, म्हणजे इंजिनातील मिश्रण ठिणगीने पेटवणाऱ्या यंत्रणेविषयी, आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून आणि प्रश्न थोडे आटोपशीर करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझी चार सिलिंडरची मोटार १९६५ सालची असून तिच्यात मूळचीच सीबी पॉइंटची (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्ट ब्रेकरची) इग्निशन आहे. सकाळी इंजिन चटकन सुरू होत नाही आणि वेग वाढवला की गाडी मिस करू लागते (मधूनच ठिणगी चुकते). पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवली की गाडी नव्यासारखी पळेल, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. त्याने इंजिनाची ताकद खरोखर वाढते का, आणि किट घ्यायचे झाल्यास कोणते घ्यावे?

उत्तर : ताकद वाढणार नाही. पॉइंटची फट बरोबर लावलेली असेल, कंडेन्सर शाबूत असेल आणि कॉइल चांगली असेल, तर मूळची इग्निशन नेहमीच्या वेगांना मिश्रण पेटवायला पुरेशी असते, आणि वेळेवर पेटलेले मिश्रण पिस्टनला जेवढे ढकलायचे तेवढेच ढकलते. ठिणगी पॉइंटने दिली की ट्रान्झिस्टरने, याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. किट बसवल्यावर गाडी उचलू लागली असे ज्यांना वाटते, त्यांच्या बाबतीत बहुधा बिघडलेली इग्निशन जाऊन तिच्या जागी धडपणे चालणारी इग्निशन आलेली असते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा खरा फायदा वेगळाच आहे : आज लावलेले टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) ती वर्षभरानंतरही तिथेच ठेवते. हा फायदा मोठा आहे. पण आपल्या गाडीच्या दोन्ही तक्रारी त्याने जातीलच असे नाही, कारण त्यांचे मूळ पॉइंटमध्ये आहे की आणखी कुठे, हे अजून कोणी तपासलेले दिसत नाही.

पॉइंटच्या यंत्रणेची मूळ कल्पना चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याची असून १९१०च्या सुमारास ती कॅडिलॅक मोटारींत आली. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्रायमरी गुंडाळीतून करंट वाहतो आणि तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडताच करंट तुटतो, क्षेत्र कोसळते आणि कॉइलच्या दुसऱ्या, सेकंडरी गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगवर ठिणगी पडते. करंट तुटताना पॉइंटच्या फटीत चाप पेटू नये म्हणून तो क्षणभर कंडेन्सर झेलतो. कंडेन्सर गेला, की क्षेत्र कोसळायला वेळ लागतो, ठिणगी मंदावते आणि पॉइंटही जळतात.

म्हणून पहिल्यांदा पॉइंट बाहेर काढून उजेडात पाहावेत. एकावर बारीक खड्डा आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा दिसला, तर धातू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वाहून गेला आहे असे समजावे, आणि त्यात कंडेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. अशा पॉइंटवर फिलर गेजने फट मोजण्यात अर्थ नसतो. सपाट पाते उंचवट्यावरच अडते आणि खरी फट मोजलेल्यापेक्षा मोठी राहते. या इंजिनांत फट सामान्यतः ०.३५ ते ०.४० मिलिमीटर सांगितलेली असते, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा, आणि ड्वेल मीटर मिळत असेल तर फटीपेक्षा ड्वेलवर, म्हणजे पॉइंट जितके अंश मिटलेले राहतात त्यावर, भरवसा ठेवावा.

यानंतर डिस्ट्रिब्युटरचा (ठिणगी एकेका प्लगकडे वाटणाऱ्या भागाचा) शाफ्ट तपासावा, आणि माझ्या मते सगळ्या तपासणीत ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. झाकण काढून, शाफ्टचे वरचे टोक बोटांत धरून आडवे हलवून पाहावे. हाताला स्पष्ट प्ले (सैलपणा) जाणवत असेल तर बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या नळ्या) झिजले आहेत. प्ले अवघा ०.१ मिलिमीटर असला तरी ०.४० मिलिमीटरच्या फटीत तो चौथा हिस्सा होतो, आणि मग चार सिलिंडरना चार वेगवेगळ्या वेळी ठिणगी मिळू लागते. डिस्ट्रिब्युटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे त्याच्यातील एका अंशाची चूक क्रँकच्या मापात दोन अंशांची होते, हेही लक्षात ठेवावे. इलेक्ट्रॉनिक मोड्यूल (किटमधला पॉइंटच्या जागी बसणारा भाग) अशा प्लेला पॉइंटपेक्षा कमी बिचकते. पण ते ज्या शाफ्टकडे पाहून ठिणगी सोडते तोच डुगडुगत असेल, तर त्या डुगडुगण्याचा काही अंश टायमिंगमध्ये उतरणारच. ज्यांचे बुश गेले आहेत अशा डिस्ट्रिब्युटरवर नवे किट चढवण्याची घाई बऱ्याच ठिकाणी होते, आणि मग दोष किटला दिला जातो.

आता रोटर (शाफ्टच्या टोकावरचा फिरता तुकडा) हाताने त्याच्या फिरण्याच्या दिशेने थोडा पिळून सोडावा. तो स्प्रिंगच्या जोराने लगेच मागे आला पाहिजे. तो अडकून राहिला किंवा रेंगाळत परतला, तर बेसप्लेटखालची अ‍ॅडव्हान्सची वजने गंजली आहेत आणि वेग वाढला तरी टायमिंग पुढे सरकत नाही, असा अर्थ होतो. व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सची नळी कार्ब्युरेटरकडून सोडवून तोंडाने ओढावी : बेसप्लेट सरकली पाहिजे, आणि नळीचे टोक जिभेने बंद केल्यावर ती तिथेच थांबली पाहिजे. ती परत येत असेल तर आतला पडदा फाटला आहे. हीच चाचणी करताना बेसप्लेटला बॉडीशी जोडणारी अर्थची (करंट गाडीच्या धातूकडे परत नेणारी) छोटी, विणलेली वायर नीट न्याहाळावी. प्लेटबरोबर ती हजारो वेळा वाकत असते, आणि वरचे आवरण शाबूत असताना आतल्या तारा तुटलेल्या असू शकतात. मग इंजिन उभ्या गाडीत व्यवस्थित चालते आणि रस्त्यावर, पाय हलका ठेवला की मध्येच मिस करते. हा दोष सापडत नाही म्हणून कार्ब्युरेटर उघडणारे कमी नाहीत.

सकाळी सुरू न होण्याचे कारण आणखी साधे असू शकते. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचा व्होल्टेज १० व्होल्टच्या आसपास उतरणे स्वाभाविक आहे. तो याहून बराच खाली जात असेल, किंवा बॅटरीवर १० व्होल्ट असूनही कॉइलवर ते पोहोचत नसतील, तर बॅटरी, इंजिनाची अर्थ पट्टी, इग्निशन स्विच आणि मधले जोड तपासावे लागतील. ही कमतरता इलेक्ट्रॉनिक किटनेही भरून निघत नाही. उलट काही मोड्यूले कमी व्होल्टेजला काम करायचेच थांबतात, तेव्हा पॉइंट मात्र कशीबशी ठिणगी देत राहिलेले असतात.

वेगात मिस करण्याचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ६००० फेऱ्यांना सेकंदाला २०० ठिणग्या लागतात, म्हणजे एका ठिणगीच्या वाट्याला ५ मिलिसेकंद येतात. ड्वेल ६० अंशांचा धरला, तर प्रत्येक ९० अंशांपैकी ६० अंश पॉइंट मिटलेले राहतात आणि कॉइल भरायला ३.३ मिलिसेकंद मिळतात. ३००० फेऱ्यांना हाच वेळ ६.७ मिलिसेकंद असतो. जुन्या पद्धतीच्या कॉइलमधील करंट पूर्ण पातळीच्या सुमारे दोन तृतीयांशापर्यंत चढायलाच ३ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागत असल्याने अगदी वरच्या वेगाला ठिणगी थोडी क्षीण होणे क्रमप्राप्त आहे. पण आपली गाडी मध्यम वेगालाच मिस करत असेल, तर हे गणित तिला लागू होत नाही. तिथे पॉइंटची सैल स्प्रिंग, चिरलेले झाकण, झाकणाच्या आतील कोळशाची झिजलेली कांडी, प्लग किंवा हाय टेन्शन लीड (प्लगपर्यंत जास्त दाब नेणाऱ्या वायरी) यांपैकी काहीतरी असण्याचा संभव अधिक आहे.

एवढे सगळे ठीक असेल किंवा ठीक करून घेतले असेल, तर मोड्यूल जरूर बसवावे, आणि रोजच्या वापराच्या गाडीसाठी झाकणाखाली मावणारे, कॅमवर चुंबकाची कडी बसणारे साधे किट घ्यावे. त्यात झिजणारी टाच नसते. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, फट कमी होते, ड्वेल वाढतो आणि टायमिंग मागे पडत जाते. ड्वेल एका अंशाने सरकला की क्रँकच्या मापात टायमिंगही जवळपास एका अंशाने सरकते. मोड्यूलने ही झीज संपते. स्टार्टरच्या मंद गतीला पॉइंट हळूहळू उघडताना जो थोडा चाप होतो तोही टळतो, त्यामुळे थंड इंजिन काहीसे लवकर धरते.

बसवताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. व्हॅक्युमने बेसप्लेट सरकते, म्हणून मोड्यूलच्या वायरींना आत थोडी ढील ठेवावी, मात्र त्या शाफ्टला घासता कामा नयेत. चुंबकाची ठिणगी सोडण्याची जागा पॉइंटच्या जागेशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून काम झाल्यावर टायमिंग लाइटने, व्हॅक्युमची नळी काढून आणि तिचे तोंड बंद करून, टायमिंग नव्याने लावणे अपरिहार्य आहे. ‘जुन्या खुणेवरच ठेवले’ हे चालत नाही. आणि प्लगची फट ०.६ वरून एकदम मोठी करू नये. पुस्तिकेतील आकड्यावर ०.१ ते ०.१५ मिलिमीटर वाढवून पाहावे, आणि फरक जाणवला नाही तर पुन्हा मूळ फटीवर यावे. काढलेली पॉइंटची प्लेट मात्र फेकू नका. कंडेन्सरसकट ती गाडीतच ठेवा, कारण पॉइंट कुरकुर करत जातात आणि मोड्यूल न सांगता जाते.

प्रश्न : किट बसवताना मी जास्त व्होल्टची नवी कॉइलही बसवली आणि जुना बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी ठेवणारा रोध) काढून टाकला. आता अर्ध्या तासानंतर इंजिन बंद पडते, कॉइलला हात लावता येत नाही, आणि ती गार झाली की गाडी पुन्हा सुरू होते. किट सदोष आहे का?

उत्तर : किटवर आरोप ठेवण्यापूर्वी कॉइलचा ओहम मोजा. मल्टिमीटरच्या दोन्ही टोकांना आधी एकमेकांवर टेकवून वायरींचा स्वतःचा रोध पाहावा, मग कॉइलच्या वायरी काढून प्लस आणि मायनस टर्मिनलांवर टोके लावून मोजावे आणि पहिला आकडा वजा करावा. उत्तर ३ ओहमच्या आसपास आले, तर ती थेट १२ व्होल्टवर चालणारी कॉइल आहे. ते १.५ ओहमच्या आसपास आले, तर तिला बॅलास्ट हवाच होता. ३ ओहमला करंट सुमारे ४ अँपिअर राहतो, १.५ ओहमला तो ८ अँपिअरपर्यंत जाऊ शकतो, आणि त्यातील बराच भाग उष्णतेतच जातो. वर्णनावरून आपल्या गाडीत हेच घडत असावे, आणि असेच चालू राहिले तर कॉइलपाठोपाठ मोड्यूलही जाईल.

बॅलास्ट ही कटकट म्हणून दिलेली वस्तू नव्हती. कमी ओहमची कॉइल आणि तिच्यासोबत रेझिस्टर, अशी जोडी असलेल्या गाड्यांत स्टार्टर फिरत असताना रेझिस्टर वगळला जातो आणि बॅटरीचा उतरलेला सगळा व्होल्टेज कॉइलला मिळतो. इंजिन सुरू झाले की रेझिस्टर पुन्हा मध्ये येतो. काही गाड्यांत तो वेगळा दिसतच नाही, कारण हार्नेसमधली एक वायरच रोध असलेल्या तारेची असते. त्यामुळे आपल्या गाडीत बॅलास्ट आहे की नाही हे डोळ्यांनी न ठरवता, चावी ऑन करून, पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्लसवर व्होल्टेज मोजावा. बॅटरीइतका असेल तर बॅलास्ट नाही. ६ ते ८ व्होल्टच्या आसपास असेल तर आहे.

आपण दोनपैकी एक करावे : ३ ओहमची कॉइल आणावी, किंवा आहे त्या कॉइलला बॅलास्ट परत लावावा. बॅलास्ट ठेवल्यास तो फक्त कॉइलच्या वाटेत असावा. मोड्यूलची लाल वायर सामान्यतः बॅलास्टच्या अलीकडून, पूर्ण व्होल्टेजवर घ्यायची असते, आणि आपल्या किटच्या कागदात याबद्दल जे लिहिले असेल ते अंतिम समजावे. कॉइलच्या डब्यावरील ‘४०,००० व्होल्ट’ या आकड्याला फार मान देण्याचे कारण नाही. सेकंडरीचा दाब प्लगची फट ओलांडण्यापुरताच चढतो आणि ठिणगी पडताच थांबतो. साध्या इंजिनात तो बहुतेक वेळ १०,००० व्होल्टच्या आसपासच असतो. उरलेले व्होल्ट डब्यावरच राहतात.

आणखी एक सवय सोडावी लागेल. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून रेडिओ ऐकत बसणे पॉइंटच्या गाडीतही कॉइलला तापवते, आणि साधे मोड्यूल अशा वेळी कॉइलसकट जळू शकते.

प्रश्न : मोड्यूल बसवल्यापासून इंजिन उत्तम चालते, पण आरपीएमचा काटा उड्या मारतो. काटा बिघडला असावा का?

उत्तर : बहुधा नाही. जुने टॅकोमीटर दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात कॉइलच्या मायनस टर्मिनलवरून एक वायर येते आणि मीटर व्होल्टेजचे धक्के मोजतो. हा प्रकार साध्या मोड्यूलबरोबर सहसा तक्रार करत नाही. दुसऱ्या, आधीच्या प्रकारात इग्निशन स्विचपासून कॉइलकडे जाणारी वायरच मीटरमधून किंवा त्याच्या मागे असलेल्या वळशातून जाते आणि मीटर करंटचे धक्के मोजतो. मोड्यूलची फीडही याच वायरवरून घेतली असेल तर मीटरमधून मोड्यूलचा करंटही जाऊ लागतो आणि काटा गोंधळतो. ती फीड मीटरच्या अलीकडून घेऊन पाहावी. त्यानेही भागले नाही तर मीटरच्या आतले सर्किट बदलून देणारे कारागीर असतात, आणि बाहेरून तो मूळचाच दिसतो.

प्रश्न : माझी ब्रिटिश मोटार १९५०च्या दशकातील असून तिला पॉझिटिव्ह अर्थ आहे (बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले). किट बसवण्यासाठी अर्थ उलटा करणे आवश्यक आहे का?

उत्तर : आवश्यक नाही. पॉझिटिव्ह अर्थसाठी वेगळी मोड्यूले मिळतात, आणि केवळ इग्निशनसाठी सगळ्या गाडीची वायरिंग उलटवणे मला पटत नाही. निगेटिव्ह अर्थचे मोड्यूल मात्र तशा गाडीला चुकूनही जोडू नये; ते क्षणात जाते.

रेडिओ, चार्जर वगैरे इतर कारणांसाठी अर्थ उलटायचाच असेल, तर बॅटरीच्या केबल बदलून काम संपत नाही. डायनॅमोला नवी ध्रुवता द्यावी लागते : ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या डायनॅमोत एफ टर्मिनलची वायर काढून, बॅटरीच्या जिवंत टोकावरून आलेली वायर त्या टर्मिनलला दोन-तीनदा क्षणभर स्पर्शून. अँपिअर मीटर उलटा दाखवू लागला तर त्याच्या वायरी बदलाव्यात. विजेवर चालणारे पूर्वीचे घड्याळ, पंप आणि करंट मोजणारा टॅकोमीटर यांना उलटा करंट चालतो का, हे आधी पाहून घ्यावे. कॉइलच्या दोन्ही वायरींचीही अदलाबदल करावी लागते आणि ती बहुधा विसरली जाते. जुन्या कॉइलवर प्लस-मायनसऐवजी एसडब्ल्यू (स्विच) आणि सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) अशी अक्षरे असतात. अर्थ उलटल्यावर स्विचची वायर सीबीला आणि डिस्ट्रिब्युटरची वायर एसडब्ल्यूला येते. कारण असे, की प्लगचा मधला इलेक्ट्रोड ऋण असावा लागतो. तो तापलेला असल्याने इलेक्ट्रॉन तेथून सहज सुटतात. ध्रुवता उलटी राहिली तरी गाडी चालते, परंतु तीच फट ओलांडायला दाब बराच अधिक लागतो, आणि त्याचा परिणाम थंड सकाळी व चढावर जाणवतो.

प्रश्न : सीडीआय (कपॅसिटर रिकामा करून ठिणगी देणारी) इग्निशन साध्या इलेक्ट्रॉनिकपेक्षा चांगली असते का?

उत्तर : ती वेगळ्या कामासाठी चांगली असते. तिच्यात कपॅसिटर ३०० ते ४०० व्होल्टपर्यंत भरून कॉइलमध्ये एकदम रिकामा केला जातो, त्यामुळे दाब फार झटकन चढतो आणि काजळी धरलेला प्लगही पेटतो. खूप वेगाने फिरणाऱ्या इंजिनांना हे मानवते. पण तिची ठिणगी अल्पजीवी असते. साध्या कॉइलची ठिणगी एक ते दोन मिलिसेकंद टिकते, तर सीडीआयची त्याच्या अगदी लहान हिश्श्याइतकी. विरळ मिश्रणावर, कमी वेगाने, शांतपणे चालवायच्या गाडीला टिकणारी ठिणगी अधिक उपयोगी पडते.

प्रश्न : मोड्यूल बसवले, पण हाय टेन्शन लीड जुन्या, तांब्याच्या तारेच्याच आहेत. बदलाव्यात का?

उत्तर : होय. तांब्याच्या नुसत्या लीडमधून निघणारी रेडिओ लहरींची खरखर पॉइंटला काही करत नव्हती, पण मोड्यूलला ती चुकीचा इशारा वाटू शकते आणि अधूनमधून भलत्याच वेळी ठिणगी पडते. रोध असलेल्या लीड घ्याव्यात, किंवा तांब्याच्या ठेवायच्याच असतील तर रोध असलेले प्लग किंवा कॅप वापरावेत. नव्या लीडही बसवण्यापूर्वी एकेक करून मोजाव्यात : काही हजार ओहम दाखवणारी लीड चांगली, आणि मीटर काहीच दाखवत नसेल तर ती लीड आतून तुटलेली आहे, मग ती कितीही नवी असो.